सतरावी ओळ

शनिवारी दुपारी अडीचच्या सुमारास मोहिनी मॅडम ग्रंथालयाच्या दारात क्षणभर थांबल्या आणि आत न येताच म्हणाल्या, "मोनाली, पुंडलिकराव सरांचा पेपर मला आपल्या यादीत दिसला नाही गं. आहे ना तो?" मोनाली म्हणाली, "आहे मॅडम." मॅडम "बरं" म्हणून निघूनही गेल्या, नणंदेला आणायला त्यांना वर्धा स्टेशनवर पोचायचं होतं. त्यांच्या चपलांचा आवाज जिना उतरून खालच्या मजल्यावर विरेपर्यंत मोनाली तशीच बसून राहिली. 'आहे' हे आपण कशाच्या जोरावर म्हणालो, ते तिला कळेना. अकरा वर्षं ती या मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात होती आणि न बघता 'आहे' म्हणणाऱ्या माणसांचा तिला मनापासून राग होता. पुस्तक जागेवर आहे का विचारलं की खुर्चीतून न उठता 'आहे' म्हणणारा एक सहकारी तिनं बोलून बोलून सरळ केला होता. आणि आज तिच्याच तोंडून तो शब्द असा निघून गेला होता, जसा कुणी हाक मारल्यावर 'ओ' निघतो. पुंडलिकराव हे इथले जुने सर्जन, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. साप चावलेल्या एकेचाळीस रुग्णांवर त्यांनी वीसेक वर्षांपूर्वी एक लेख लिहिला होता. तो यादीत नसेल तर यादीत आहे तरी काय, असं कुणीही विचारलं असतं.

ग्रंथपाल म्हटलं की लोकांना कपाटं, धूळ आणि 'शांतता राखा'ची पाटी आठवते. मोनालीच्या कामात धूळ फारशी नव्हती. डॉक्टर मंडळींना एखाद्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं, म्हणजे अमुक औषधानं खरंच गुण येतो का, किंवा तमुक उपायानं अपाय होतो का, तेव्हा जगभरात त्यावर जेवढे म्हणून अभ्यास झाले असतील ते सगळे गोळा करायचे, मग दोघांनी ते एकमेकांना न विचारता वेगवेगळे चाळायचे आणि उरलेल्यांची मोट बांधून एक उत्तर काढायचं. पुराव्यांचा आढावा म्हणतात त्याला. यातलं 'सगळे' हे मोनालीचं खातं. जगातले वैद्यकीय लेख ज्या कोठारांमध्ये साठवलेले असतात त्यांना नेमक्या शब्दांत हुकूम द्यायचा. एका गोष्टीची दहा नावं असतील तर दहाही द्यायची, 'हे किंवा ते', 'हे आणि ते', असं करत करत ओळीवर ओळ रचायची. जाळं फार बारीक विणलं तर गाळच जास्त येतो, आणि मोठ्या छिद्रांचं विणलं तर नेमकं हवं तेच निसटतं. निसटलेलं कुणाला दिसत नाही, हा या कामातला खरा खोडसाळपणा. जेवणात मीठ कमी पडलं तर पहिल्या घासाला कळतं. इथं कमी पडलेलं ताटात नसतंच, त्यामुळे सगळे तृप्त होऊन ढेकर देतात. मोनालीला ही जोखीम आवडायची. आपण एकटीच ती उचलतो याचा तिला थोडा अभिमानही होता, आणि तो ती लपवत नसे.

या खेपेचा प्रश्न होता, साप चावल्यावर दवाखान्यात पोचेपर्यंत घरच्यांनी काय करावं आणि काय करू नये. मोहिनी मॅडम प्रमुख, चाळणी रजत आणि आकांक्षा या दोन विद्यार्थ्यांची, आणि शोध मोनालीचा. बुधवारी लेख नियतकालिकाकडे पाठवायचा होता. त्यावरून पुढे जिल्ह्यातल्या गावागावांत लावायचा तक्ता निघणार होता, आणि लेखावर चौथं नाव तिचं होतं. यापूर्वी तिनं नऊ आढाव्यांचा शोध करून दिला होता. नऊही ठिकाणी तिचे शेवटी बारीक अक्षरात आभार मानले होते. या वेळी मॅडमनी स्वतःहून नाव वर घेतलं. तिनं घरमालकिणीलासुद्धा ते सांगितलं होतं, आणि घरमालकीण म्हणाली होती, "म्हणजे पेपरात फोटो येईल का?"

तिनं कोठारात पुंडलिकरावांच्या लेखाचं शीर्षक टाकलं. लेख होता. मग आपल्या शोधाच्या निकालात तोच लेख मागितला. शून्य. तिनं पुन्हा मागितला, जसं काही कोठाराला ऐकू आलं नसावं. मग शोधाच्या सतराही ओळी उघडल्या आणि पहिलीपासून एकेक ओळ त्या लेखावर तपासत खाली आली. पहिली ओळ, सर्पदंश. सापडला. दुसरी, तिसरी. सापडला. प्रथमोपचार, बांधणं, आवळणं, पट्टी, दोरी, यांच्या ओळींत तर तो अगदी ठळक होता. सोळाव्या ओळीपर्यंत लेख सोबत होता. सतराव्या ओळीवर तो नाहीसा झाला. सतरावी ओळ दोनच शब्दांची होती. नॉट ॲनिमल्स. प्राणी नकोत.

त्या दोन शब्दांकडे बघताना तिला आधी हसू आलं. दर वर्षी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या नव्या तुकडीला ती पहिल्या तासाला हीच चूक शिकवायची. कोठारातल्या प्रत्येक लेखावर चिठ्ठ्या लावलेल्या असतात. उंदीर-सशांवरचा प्रयोग असेल तर 'प्राणी', माणसांवरचा अभ्यास असेल तर 'माणूस', आणि दोन्ही असेल तर दोन्ही. नुसतं 'प्राणी नकोत' म्हटलं तर दोन चिठ्ठ्यांचे लेखही जातात, त्यांच्यातल्या माणसांसकट. म्हणून म्हणायचं असतं, 'ज्यात माणूस नाही असे प्राणी नकोत'. विद्यार्थी गोंधळले की ती म्हणायची, "घरात कुणाला वांगं चालत नाही. तुम्ही ज्यात ज्यात वांगं आहे ते ते सगळं बाहेर काढलं. मग वांगं-बटाट्यातल्या बटाट्यानं काय बिघडवलं होतं?" वर्ग हसायचा. नंतर कँटीनमध्ये मुलं तिला 'बटाटा मॅडम' म्हणतात, हे तिला ठाऊक होतं आणि तिची काही हरकत नव्हती. आणि ही चूक तिनं करावी कुठं, तर सर्पदंशाच्या शोधात! साप हाच प्राणी. सापाचं नाव, सापाचं विष लेखात आलं की चिठ्ठी लावणारा 'प्राणी' लावून मोकळा. तिनं उंदीर हाकलायला दार उघडलं, तर साप गेला, आणि सापाबरोबर साप चावलेली माणसं गेली. तिनं ओळ दुरुस्त करून शोध पुन्हा चालवला. चुकीच्या ओळीनं एकोणीसशे सहा लेख दिले होते. बरोबर ओळीनं छत्तीसशे अठ्ठ्याऐंशी दिले. सत्राशे ब्याऐंशी अभ्यास दाराबाहेर उभे होते, आणि तीन महिने कुणाला त्यांची आठवण झाली नव्हती. हसू केव्हाच गेलं होतं. पंखा बंद करावा की खिडकी उघडावी हे तिला सुचत नव्हतं.

हे झालं कसं, हे तिला आठवत होतं, आणि आठवत होतं हेच वाईट होतं. शोध तयार झाला की तो दुसऱ्या ग्रंथपालानं तपासायचा असतो. इथं हे काम जाणणारी दुसरी कुणी नव्हती, म्हणून ती स्वतःच आपल्या कामावर बरोबरची खूण करायची. शिवाय दहा ओळखीचे लेख आधीच बाजूला काढून ठेवायचे आणि आपल्या जाळ्यात ते दहाही येतात की नाही ते बघायचं, हा तिचा नेम. दहाही आले होते. पुंडलिकरावांचाही त्यांत होता. पण ती तपासणी झाली सोळा ओळींवर. मग रजत आला आणि म्हणाला, "मॅडम, चार हजार तीनशे बारा? एवढे चाळता चाळता माझं लग्नाचं वय निघून जाईल." ती हसली आणि म्हणाली, थांब, उंदीर काढते. सतरावी ओळ तिनं त्याच्यासमोर लिहिली. आकडा धाडकन खाली आला. रजत म्हणाला, "मॅडम, तुम्ही देव आहात." आणि तिला बरं वाटलं. दहा लेख पुन्हा तपासायला हवे होते; तिनं तपासले नाहीत. ते बरं वाटणं आता तिला सोडीना. कशाचं बरं वाटलं होतं? रजतचं काम हलकं झालं याचं? की त्या दिवशी सकाळपासून ती त्या दहा लेखांचे सारांश वाचत होती, आणि दहांपैकी सहांमध्ये आवळून बांधलेल्या पायांचं पुढं काय झालं ते लिहिलेलं होतं, याचं? ती काही मुद्दाम करणारी बाई नव्हती. पण चुकीलाही आपली आवडनिवड असते की काय, अशी शंका तिला आली, आणि एकदा आली ती जाईना. कारण गेल्या आठवड्यात लेखाचा मसुदा आला तेव्हा त्यातलं एक वाक्य तिनं तीनदा वाचलं होतं. 'घट्ट बांधण्यामुळे अवयवाला इजा होते किंवा कसे, याबद्दलचा पुरावा अपुरा आहे.' तीनदा वाचून तिनं श्वास सोडला होता. अपुरा आहे. म्हणजे ठरलेलं नाही. म्हणजे कुणी सांगावं.

पुंडलिकरावांचा लेख तिनं पुन्हा उघडला. त्या वेळी तिनं त्याचा सारांश वाचून तो बाजूला ठेवला होता. एकेचाळीस रुग्णांचा तक्ता शेवटी होता आणि शेवटापर्यंत ती गेली नव्हती. आता गेली. रुग्ण क्रमांक एकोणतीस. मुलगा, वय चौदा, ग्रामीण भाग. घोणस, डाव्या घोट्याजवळ दंश. घरातल्या व्यक्तीने गुडघ्याखाली अरुंद पट्टी काडीने पिळून बांधलेली. काळ सुमारे सहा तास. पट्टीखालचा भाग मृत. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. जीव वाचला. एवढंच. नाव नव्हतं, गाव नव्हतं. काडीनं पिळलेल्या पट्ट्या एकेचाळिसांत सात होत्या, आणि चौदा वर्षांचे मुलगे या जिल्ह्यात काही कमी नसतात. हा कुणीही असू शकत होता. तिनं लॅपटॉप मिटला, कपाटाची किल्ली जागेवर ठेवली आणि चार वाजायच्या आतच बाहेर पडली, जे अकरा वर्षांत तिनं क्वचितच केलं होतं.

बोरगाव मेघेला जाणाऱ्या ऑटोत तिच्या शेजारी एक बाई मांडीवर कुकर घेऊन बसली होती. दुरुस्त करून आणलेला असावा, कारण ती मधूनमधून त्याची शिट्टी हलवून बघत होती. मोनाली त्या शिट्टीकडे बघत होती आणि अल्लीपूरच्या शेतात उभी होती. तेवीस वर्षांपूर्वीचा श्रावण, शनिवारची सकाळची शाळा सुटलेली. ती दहा वर्षांची, रत्नदीपदादा चौदाचा. निंदणाच्या बायका पिकाच्या पलीकडच्या तासात होत्या, माय त्यांच्यात. दादा धुऱ्याच्या बांधावरून उतरला आणि खाली बसला, ओरडला नाही, नुसता बसला, आणि म्हणाला, "मोने, परड." घोणशीला गावात परड म्हणतात. मोनालीला काय करायचं ते माहीत होतं. सगळ्या वर्गात तिलाच सगळ्यांत चांगलं माहीत होतं. महिन्याभरापूर्वी गुरुजींनी बाकाच्या पायाला सुतळी बांधून दाखवलं होतं, जखमेच्या वर, घट्ट, विष वर चढता कामा नये, आणि मग एकेकाला बांधायला लावलं होतं. तिची गाठ गुरुजींनासुद्धा सुटली नाही. वर्गानं टाळ्या वाजवल्या होत्या. तिनं दोन्ही वेण्यांच्या लाल रिबिनी ओढून काढल्या, एकत्र धरून दादाच्या गुडघ्याखाली गुंडाळल्या, कुंपणातलं तुराटीचं कांडं मोडून त्यात घातलं आणि पीळ दिला. दादा कळवळला तेव्हा तिनं आणखी एक पीळ दिला. आपण बरोबर करतोय याची तिला इतकी खात्री होती, की भीती वाटायला जागाच उरली नव्हती. यापुढचं तिला आठवत नसे. रिबीन, कांडं, पीळ, आणि त्यानंतर एकदम वर्ध्याच्या दवाखान्याचा व्हरांडा, बाबांचं गुडघ्यांत घातलेलं डोकं. मधलं काहीच नाही. पुढं त्यांच्या घरात लाल रिबीन आली नाही. माय तिला एकच वेणी घालायला लागली आणि ती काळ्या गोफात. ते शेत बाबांनी बटाईनं दिलं. दादाला नकली पाय बसला, तो चालू लागला, कॉलेजात गेला, त्यानं दुकान टाकलं, लग्न केलं. बाबा गेले. एवढ्या वर्षांत त्या दिवसाबद्दल घरात एक शब्द निघाला नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कुठल्याशा पुस्तिकेत 'घट्ट बांधू नये' हे वाक्य तिनं पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते तिनं समजून घेतलं होतं, दुसऱ्यांना शिकवलंही होतं. स्वतःला मात्र ते तिनं विचारलं नव्हतं.

खोलीवर येऊन तिनं चहा केला आणि तो पिता पिता मोहिनी मॅडमना फोनवरच पत्र लिहायला घेतलं. पत्र चटकन लिहून झालं. सतराव्या ओळीत चूक आहे, ती माझी आहे, सत्राशे ब्याऐंशी लेख नव्यानं चाळावे लागतील, बुधवारी लेख पाठवता येणार नाही. पाठवायच्या खुणेवर तिचं बोट मात्र जाईना. रजत आणि आकांक्षाचे तीन महिने मातीत जातील. मॅडम ओरडणार नाहीत; त्या ओरडत नाहीत, नुसत्या "हं" म्हणतात, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट असतं. चौथं नाव कदाचित पुन्हा आभारात जाईल. हे सगळं तिनं मनाशी मोजून पाहिलं, आणि यातलं काहीच आपल्याला अडवत नाहीये हे तिच्या लक्षात आलं. अडत होतं ते त्या वाक्याशी. 'अपुरा आहे' हे आता राहणार नव्हतं. बाहेर उभे असलेले लेख आत आले की त्या वाक्याच्या जागी दुसरं वाक्य येणार होतं, आणि ते येण्यासाठी दार तिनंच उघडायचं होतं. दादाचा पाय परडीनं नेला की माझ्या रिबिनीनं, हे इतकी वर्षं ठरलेलं नव्हतं. आता ते आकड्यांनिशी ठरणार, जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागणार, आणि अल्लीपूरच्या चौकात दादा ते येता-जाता वाचणार. उलट, गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. पुंडलिकरावांचा एक लेख हातानं यादीत सारला की मॅडमचं समाधान. निसटलेलं दिसत नाही. पण कुठल्या तरी गावात कुठली तरी हुशार मुलगी पुन्हा आपल्या भावाचा पाय पिळून बांधील, आणि तिला कुणी सांगितलेलं नसेल. मोनालीला त्या न पाहिलेल्या मुलीची इतकी कीव आली की तिचे डोळे भरून आले. पत्र तिनं तसंच ठेवून दिलं आणि सकाळच्या एसटीनं अल्लीपूरला जायचं ठरवलं.

रविवारी दुकान बारापर्यंत उघडं असतं. रत्नदीपचं दुकान म्हणजे एक संगणक, एक छपाईयंत्र, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि सातबारापासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळे फॉर्म. एका म्हाताऱ्याचा अंगठा यंत्रावर उमटत नव्हता आणि रत्नदीप त्याला समजावत होता, "बाबाजी, हात पुसून घ्या न थोडा, तंबाखू लागून हाये." मोनालीला बघून त्यानं भुवया उंचावल्या.

"काऊन वं मोने? फोन बी नाई केला."

"असंच आली."

"असंच तं तू दिवाळीले बी येत नाई," तो म्हणाला, पण हसून. म्हातारा "जयभीम" करून गेला. मागच्या दारातून मायनं डोकावलं. ती आता वाकली होती, पण आवाज तोच होता. "जेवल्याबिगर जाऊ नोको बाई, भाकर टाकून राह्यली," एवढं सांगून ती आत गेली. मोनाली ग्राहकांच्या स्टुलावर बसली. दादाचा डावा पाय टेबलाखाली सरळ ताठ होता, पँटची इस्त्री त्यावर जरा जास्तच नीट दिसत होती. तिनं कॉलेजातली गोष्ट सांगायला सुरुवात केली; शोध, चार हजार, सतरावी ओळ. फॉर्म भरणाऱ्या माणसाला चुकलेल्या रकान्याचं दुःख चटकन कळतं. तो म्हणाला, "मंग सांगून टाक न मॅडमले. दुरुस्तीले ऑप्शन असंनच." तेव्हा तिनं सांगितलं की लेख कशावर आहे.

"दादा, तुले थो दिवस आठवते?"

कोणता, असं त्यानं विचारलं नाही. "हाव."

"मी बांधलं होतं न रिबिनीनं. तसं आवळून बांधाचंच नसते. पाय त्याच्यानंच गेला असंन."

रत्नदीपनं छपाईयंत्रातून अडकलेला कागद ओढून काढला, सरळ केला. "मले माईत हाये," तो म्हणाला.

"कवापासून?"

"तवापासूनच. डॉक्टर बाबाले सांगत होते, मी बाजूच्याच खाटेवर. त्यायले वाटलं झोपला हाये. मंग मायनं मले सांगून ठेवलं, मोनीपुढं थ्या दिवसाचं काईच काढू नोको, पोरगी मनाले लावून घेईन."

"अन् तू काईच नाई काढलं? तेवीस वर्षं?"

"काईच म्हणे माय. मंग काईच नाई काढलं." त्यानं कागद टेबलावर ठेवला. "पण मले लई खेपा वाटे, थे पाढ्याचं तरी काढाव."

"कोणता पाढा?"

"काऊन, आठवत नाई तुले? तेराचा! बैलबंडीत जागा नव्हती, तं तू बाजूनं पळून राह्यली होती, केस सगळे मोकळे, गाऱ्यात पाय फसून राह्यले. अन् मले म्हणे, झोपाचं नाई, तेराचा पाढा म्हण. मी तेरा सत्तेवर अटको. अटकलो का तू बंडीतून हात घालून चिमटा घे. मले वाटे, झोपलो तं परडीनं मरतो, नाई झोपलो तं ही पोरगी मारते चिमटे घेऊन." तो मोठ्यानं हसला. "हिंगणघाटले अन् मंग वर्धेले जीपमधी बी तेच. जीपवाला म्हणे, अबे म्हणून टाक एकदाचं, एक्क्याण्णव. त्यानंच सांगितलं मले. डोळे असे मिटून राह्यले होते मोने, काय सांगू तुले. एकटा असतो तं झोपलो असतो."

मोनालीला ते आठवलं. आधी पायांना आठवलं, चपला केव्हाच चिखलात राहिल्या होत्या आणि तळव्यांना काळी माती गार लागत होती. मग बंडीच्या चाकाची करकर, तोंडात येणारे केस, दादाच्या दंडाची कातडी चिमटीत, आणि आपल्याच तोंडून धापांमधून निघणारं तेरा सत्ते, तेरा सत्ते. सहा तासांतला एक पीळ नको होता म्हणून त्या घरानं सहाही तास बाहेर काढले होते. तिनंही काढले होते. ती दर वर्षी पन्नास मुलांना वांगं-बटाटा शिकवत होती आणि घरी तिच्या बटाट्याचा पत्ता नव्हता. तिला रडू आलं, आणि ते तिनं आवरलं नाही. रत्नदीपनं उठून दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं, फॉर्मवाले येऊ नयेत म्हणून, आणि पुन्हा खुर्चीत बसला. तिच्या पाठीवर हात ठेवणं वगैरे त्याला जमण्यातलं नव्हतं. त्यानं पाण्याची बाटली तिच्यापुढं सरकवली.

रडून झाल्यावर तिनं फोन काढला आणि त्याला रुग्ण क्रमांक एकोणतीस दाखवला. इंग्रजी त्याला वाचता येत होतं, पण तो म्हणाला, तूच सांग. तिनं सांगितलं, ओळीमागून ओळ.

"हा मी हाये?"

"नाव नाई लिहीत त्यात. कोणी बी असंन."

"मीच हाये," तो ठामपणे म्हणाला, सातबारावर आपलं नाव ओळखावं तसा. "आता हा येईन तुह्या यादीत?"

"पत्र पाठवलं तं येईन. अन् मंग लिहा लागंन का बांधल्यानं पाय गेले म्हणून. त्याचा तक्ता निघंन. इथं चौकात लागंन."

"लागू दे न. लोकायले समजले नोको?" मग फोनच्या पडद्याकडे बघता बघता त्याच्या कपाळावर आठी पडली. "पण हे बरोबर नाई लिवलं यायनं. घरातली व्यक्ती काय? घरातली व्यक्ती म्हणजे कोणी बी झालं. बहीण लिवाचं होतं. दहा वर्षांची बहीण होती, तिनंच बांधलं अन् तिनंच झोपू देल्लं नाई, असं लिवाचं होतं."

आतून माय जेवायला हाक मारत होती. असं लिहीत नसतात, हे मोनालीनं त्याला सांगितलं नाही. तिनं "हाव दादा" म्हटलं, त्याच्या हातातून फोन घेतला आणि पत्र पाठवून दिलं.